माळावरचा गोल्फ आणि साळवे सर

साळवे सरांना रस्ता ओलांडता येत नसे. डोळे, गुडघे, सगळं शाबूत होतं. पण सावेडीच्या पाईपलाईन रोडच्या कडेला उभं राहिलं, की समोरून येणारं प्रत्येक वाहन आपल्यालाच न्यायला येतंय अशी त्यांची खात्री होई. एकदा मंदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सरळ पलीकडं गेल्या, मेथी घेतली, भाजीवालीशी तिच्या सुनेबद्दल सविस्तर बोलल्या, परत आल्या, तर सर अजून तिथंच. एक पाय रस्त्यावर, एक फुटपाथवर.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "मी निघणारच होतो."

आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहायचे, आम्ही खाली. शेतीखात्यात चारापिकांच्या कामात त्यांची सगळी नोकरी गेली. मारवेल, पवना, अंजन असली गवतांची नावं ते नातवंडांची घ्यावीत तशी घेत. उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. मे महिन्यात छत्री, आणि छत्रीच्या पिशवीत आणखी एक घडीची छत्री. जिन्यातून उतरून आले की मध्येच थबकत आणि गॅस बंद केला का ते पाहायला परत वर जात. मंदाताई वरून ओरडत, "अहो, मी घरात आहे! गॅसवर चहा आहे! तो चालूच असायला हवा!"

आणि त्यांचा एक शब्द होता, "बघू." कुणी काही विचारलं, काही मागितलं, काही लादलं, की सर म्हणत, "बघू." नाही म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सोसायटीच्या चेअरमननं त्यांच्या पार्किंगच्या जागेत स्वतःची गाडी लावायला सुरुवात केली, तेव्हाही ते "बघू" म्हणाले आणि आपली स्कूटर बाहेर, कडुनिंबाखाली लावू लागले. नोकरीत बढती राहिली ती का, असं मी एकदा विचारलं, तर मंदाताई म्हणाल्या, "मागितलीच नाही ना! अर्ज लिहून तयार होता. साहेबांच्या केबिनपर्यंत गेले, साहेब फोनवर बोलत होते, तर हे परत आले. साहेबांचा फोन अजून चालूच असेल."

अशा माणसानं नगर जिल्ह्यातल्या एका उजाड माळावर व्यावसायिक गोल्फपटूंची स्पर्धा भरवली, पाचेक वर्षं चालवली, आणि तिच्यासाठी गुण देण्याची अशी पद्धत काढली की घाबरून खेळणाऱ्याच्या हाती काही लागू नये. मी त्या स्पर्धेची निवेदक होते. लग्नाचे स्वागतसमारंभ, शाळांची स्नेहसंमेलनं, पतसंस्थांच्या सभा, सगळीकडं सूत्रसंचालन करून माझं पोट भरतं. गोल्फबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की तो श्रीमंत लोक टोपी घालून खेळतात.

सरांना गोल्फ भेटला तो गवतामुळंच. नोकरीत असताना एका गोल्फच्या मैदानावरचं गवत पिवळं पडत होतं, म्हणून यांना पाहायला बोलावलं होतं. काम झाल्यावर कुणीतरी गमतीनं हातात काठी दिली. सर पुढं आयुष्यभर वाईटच खेळले, पण त्या दिवशी परत आले ते वेगळेच होऊन. "मंदा," ते म्हणाले होते म्हणे, "चेंडू वर गेला ना, की तो खाली येईपर्यंत कुणालाच काही करता येत नाही. अगदी कुणालाच."

निवृत्तीनंतर त्यांनी वडिलांच्या माळाकडं मोर्चा वळवला. राहुरीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत, नुसता मुरूम आणि खडक. वडील तिथं आयुष्यभर दगड वेचत राहिले आणि दगड संपले नाहीत. मधोमध खडीची एक जुनी, बंद पडलेली खाण. तिच्यात हिरवट पाणी. सरांनी तिथं नऊ गलांचं मैदान आखलं. गल हा शब्द गावकऱ्यांचा, गोट्यांच्या खेळातला. चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा तो. गवताचा शास्त्रज्ञ, पण मैदानावर गवताची एक काडी नाही. पाणीच नव्हतं तर गवत कुठून येणार? गलाभोवतीची जागा वाळूत जळकं तेल कालवून रोलरनं दाबून केलेली, काळपट, गोल आणि गुळगुळीत. मंदाताई त्यांना "करपलेल्या पोळ्या" म्हणत. दगडावर मारून काठी तुटू नये म्हणून प्रत्येक खेळाडूच्या खिशात पायपुसण्याचा एक तुकडा असायचा. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर चेंडू, मग फटका.

पहिला विरोध झाला तो बबनरावांचा. शेजारच्या वस्तीवरचे, शेळ्यांचा कळप बाळगून असलेले. धोतर, डोक्याला मफलर, तोंडात सडेतोड भाषा.

"सर, तुमी चेंडू उडवनार, मग माझ्या शेळ्या कुठं चरायच्या?"

"इथंच चरू द्या की."

"आन एखादीनं चेंडू खाल्ला तर?"

सर विचारात पडले. बरोबर प्रश्न होता. मग म्हणाले, "तर फटका पुन्हा मारायचा. दंड नाही."

"खेळनाऱ्याला दंड न्हाई. शेळीला?"

"शेळीलाही नाही."

"मंग हाय आपली तयारी," बबनराव म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते मैदानाचे राखणदार झाले. शेळीचा तो नियम छापील नियमपत्रिकेत शेवटपर्यंत होता आणि पुण्याचे खेळाडू त्या पत्रिकेचे फोटो काढून एकमेकांना पाठवत.

खेळाडू कोण? मोठी नावं कशाला येतील माळावर? क्लबांमध्ये इतरांच्या पिशव्या वाहता वाहता स्वतः खेळायला शिकलेले, परीक्षा देऊन व्यावसायिक झालेले, पण मोठ्या स्पर्धांमध्ये जागा न मिळालेले तरुण यायचे. पुण्याहून, नाशिकहून, एकदोन मुंबईहून. बक्षीस बेताचंच, पण पहिल्याला बबनरावांतर्फे एक शेळी. पहिल्या वर्षी जिंकला तो इरफान, पुण्याचा, हसरा, अंगानं बारीक पण मनगट लोखंडासारखं. ती शेळी छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून तो निघाला. सुप्यापाशी त्याचा सरांना फोन आला. "सर, हिनं माझी स्कोअरची पट्टी खाल्ली. आता मी जिंकलो याला पुरावा काय?" सर घाबरून म्हणाले, "मी लिहून देतो, सही-शिक्क्यासह." त्यांना ती थट्टा आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या गुणपद्धतीची गोष्ट सांगायलाच हवी. गोल्फमध्ये सगळीकडं रीत अशी की ज्याचे फटके कमी तो जिंकला. पहिल्या वर्षी सराव सामन्याला आसपासच्या वस्त्यांवरची माणसं आली, बायका आल्या, भेळेची गाडी आली. मी लाऊडस्पीकरवर सांगितलं, "अमुक यांचे बहात्तर, तमुक यांचे ऐंशी." लोकांनी ऐंशीवाल्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "नाही, नाही, बहात्तरवाले पुढे आहेत." एक आजीबाई म्हणाल्या, "कमी मारनारा पुढं? मंग घरीच बसायचं हुतं की त्यानं."

सर त्यावर हसले नाहीत. आठवडाभर वही-पेन्सिल घेऊन बसले. मग एका सकाळी चहाच्या वेळी आमच्याकडं खाली आले, मला म्हणाले, "मेधाताई, कबड्डीसारखं करू या."

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक गलासाठी ठरावीक फटके असतात. तेवढ्यात आलात, तर शून्य. एक फटका वाचवलात, तर दोन गुण. दोन वाचवलेत, तर पाच. एक जास्त लागला, तर उणे एक. आणि कितीही जास्त लागले, चेंडू खाणीत गेला, काठी मोडली, काहीही झालं, तरी उणे एकच. ज्याचे गुण जास्त तो विजेता.

"अशा तऱ्हेची पद्धत बाहेर एकदोन ठिकाणी होती म्हणे," ते म्हणाले. "पण तिथंही जास्त चुकलं तर जास्त कापतात. मला ते पटत नाही."

"का?"

"माणूस एकदा चुकला की चुकला. त्याला किती वेळा मोजायचं?"

ते इतकं हळू बोलले, की मला वाटलं ते अजून गोल्फबद्दलच बोलतायत.

लोकांना ती पद्धत झटकन कळली. शाळेचा फळा मांडला होता, त्यावर गुण लिहिले जात. "पाच!" झाले, की माळावर एकच गलका. पुण्याच्या खेळाडूंनाही ती चटक लागली. इतर ठिकाणी जपून, मोजून खेळणारे इथं येऊन खाणीवरून चेंडू फेकत. गोल्फमध्ये शांतता लागते आणि गावाला समालोचन, म्हणून सरांनी माझ्यासाठी नियम केला: चेंडू काठीला लागेपर्यंत तोंड बंद, लागल्यावर हवं ते. त्यामुळं माझं समालोचन नेहमी "...आणि!" नंच सुरू होई. आजही बाजारात पोरं मला "आणि मॅडम" म्हणतात.

एवढ्या सगळ्यात सर असायचे कुठं? सगळ्यात मागं. बाभळीच्या विरळ सावलीत छत्री उघडून. खेळाडू सल्ला विचारायला आला, की म्हणायचे, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." पण नवखा कुणी भीतीनं आडवळणाचा, सोपा फटका मारायला निघाला, की ते छत्रीच्या टोकानं मुरूम उकरू लागत. बबनरावांनी ते ओळखलं होतं. "सर उकरायला लागलं. पोरगं भ्यालं बघा."

शेवटची दोन वर्षं प्रायोजक मिळाले, पुण्याचे एक बांधकाम व्यावसायिक. माणूस वाईट नव्हता. खेळाची आवड खरी. मंडप आला, खुर्च्या आल्या, खेळाडूंना बिसलेरीच्या बाटल्या. पण त्यांना त्या गुणांची लाज वाटे. "सर, बाहेर कुणी याला गंभीरपणे घेत नाही. फटके मोजू या, सगळे मोजतात तसे. हा स्पीकर बंद करू. आणि दोनेक वर्षांत पुण्याच्या हिरव्या मैदानावर नेऊ. नाव तुमचंच ठेवू." शेवटच्या स्पर्धेच्या दिवशी दुपारी मंडपात जेवताना त्यांनी हे सरांना पुन्हा सांगितलं. मी समोरच बसले होते. सरांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि म्हणाले, "बघू."

प्रायोजकांनी त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला.

संध्याकाळी शेवटचा गल. दोघं उरले होते, इरफान आणि मोरे. मोरे म्हणजे पुण्यात नवख्यांना शिकवणारे, चाळिशीचे, अतिशय नेटके गृहस्थ. दिवसभरात त्यांचा एकही फटका वाकडा गेला नव्हता. इरफानचं उलट. दोन गलांवर त्यानं असा काही गोंधळ घातला होता, की नेहमीच्या मोजणीत तो केव्हाच बाद झाला असता. पण सरांच्या पद्धतीत उणे एक आणि पुन्हा उणे एक, एवढंच. बाकी ठिकाणी त्यानं कमावलं होतं. तो मोऱ्यांच्या चार गुणांनी मागं होता. चार फटक्यांचा गल, मध्ये ती खाण. वळसा घालून गेलं तर मार्ग सोपा, पण लांबचा. खाणीवरून थेट गेलं आणि चेंडू त्या करपलेल्या पोळीवर थांबला, तर दुसऱ्या फटक्यात गल. म्हणजे पाच.

मोऱ्यांनी वळसा घेतला. सुंदर, सुरक्षित फटका. टाळ्या पडल्या, सभ्य टाळ्या.

इरफाननं पायपुसण्याचा तुकडा ठेवला. वारा समोरून होता. खाणीच्या काठावर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मी, हातात माईक, माझ्याच शेजारी खाली सर उभे. त्या दिवशी पहिल्यांदाच ते बाभळीखालून पुढं आले होते. बबनराव शेळ्या आवरून धरत होते.

काठी फिरली. "...आणि!" मी ओरडले, आणि पुढं मला काही सुचेना. चेंडू इतका वर गेला, की दिसेनासा झाला. मग खाणीच्या पलीकडच्या कड्यावर आपटला, उडाला, आणि लोळत लोळत काळ्या वर्तुळात जाऊन थांबला. मी माईकवर काय बोलले ते मला आठवत नाही. बबनराव म्हणतात, मी नुसतीच "अगं बाई, अगं बाई" म्हणत होते आणि ते राहुरीपर्यंत ऐकू गेलं.

मोऱ्यांनी चार फटक्यांत संपवलं. शून्य. इरफाननं दुसऱ्या फटक्यात चेंडू गलात घातला. माणसं पोळीवर धावली, चपलांनी सगळी वाळू उधळली.

मग बक्षीस समारंभ. प्रायोजक बोलायला उभे राहिले. आधी सगळ्यांचं कौतुक केलं. मग म्हणाले, "खरं बघायला गेलं तर कमी फटके मोरे साहेबांचे आहेत. जगात कुठंही आजचे विजेते तेच ठरले असते. पुढच्या वर्षीपासून ही चूक आपण दुरुस्त करतोय. साळवे सरांची संमती आहे. नेहमीची मोजणी, आणि लवकरच पुण्यात, चांगल्या मैदानावर..."

माळावरच्या लोकांना सगळं कळलं नाही, पण 'पुण्यात' हा शब्द कळला. इरफान हातातल्या करंडकाकडं पाहत होता, तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा.

सर व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला.

"माझी संमती नाही," ते म्हणाले.

प्रायोजक हसले. "सर, दुपारी तुम्हीच..."

"दुपारी मी बघू म्हणालो. आता बघितलं." मग ते प्रायोजकांकडं वळले. "साहेब, तुम्ही खूप केलंत. तुमचे आभार. पण फटके मोजायचे तर ही स्पर्धा नको. ती इथल्या लोकांसाठी होती. ती आज संपली. आजचा विजेता इरफान आहे." आणि जरा थांबून, "मोरे साहेब, तुमचा काही आक्षेप असेल तर..."

मोरे खालूनच बोलले. "नाही सर. नियम मला सकाळीच माहीत होता. मला ती खाण ओलांडायची हिंमत झाली नाही, म्हणून हरलो." त्यांनी पुढं होऊन इरफानचा हात धरला. त्या नेटक्या माणसाबद्दल मला तेव्हा फार आदर वाटला.

लोक म्हणतात, ती स्पर्धा पैशांअभावी बंद पडली. काही म्हणतात, शेळ्यांमुळं. दोन्ही खोटं. ती बंद पडली नाही. साळवे सरांनी ती बंद केली, भर मंडपात, माईकवर, आणि ती वाचवायचा सोपा मार्ग समोर असताना.

परतताना गाडीत मी पुढं, सर आणि मंदाताई मागं. मंदाताई म्हणाल्या, "आज काय झालं हो तुम्हाला?"

"माझे पाय अजून कापतायत," सर म्हणाले. "बघ हात लावून."

त्यांनी खरंच हात लावून पाहिलं. मग तो हात काढला नाही.

त्यानंतर दोनेक महिने सर फारसे खाली आले नाहीत. मी वर गेले की ते खिडकीपाशी बसलेले असत. हे मात्र खरं, की त्यांना ते सोपं गेलं नाही. एकदा मी म्हटलं, "सर, छोटीशी करू या ना पुन्हा. आपली आपली." ते म्हणाले, "नको. माझ्यात एवढं एकदाच होतं." पुढं माळ त्यांनी सौर पॅनेलवाल्यांना भाड्यानं दिला. बबनरावांच्या शेळ्या आता पॅनेलच्या सावलीत बसतात. इरफान बंगळूरला शिकवतो.

मागच्या उन्हाळ्यात सर आणि मंदाताई मुलीकडं नागपूरला राहायला गेले. त्याच्या थोडं आधी आमची शेवटची भेट झाली, एसटीत. ते कोल्हारला पुतणीच्या साखरपुड्याला निघाले होते, एकटेच. मंदाताई आदल्या दिवशीच गेल्या होत्या. मला राहुरीला एका कार्यक्रमाला उतरायचं होतं. सरांच्या शेजारची जागा रिकामी होती, मी बसले. कंडक्टर तरुण होता, बोलका. तिकिटं देऊन झाल्यावर आमच्या पुढच्या सीटच्या पाठीला टेकून उभा राहिला. हमरस्त्यावरून दूर पॅनेलं चमकताना दिसली, तसा तो सरांना म्हणाला, "बाबा, ते काळं काळं दिसतंय ना, तिथं गोल्फ हुता."

मी तोंड उघडणार, तर सरांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"काय सांगता!" ते म्हणाले.

"व्हय तर! आमची वस्ती तितंच हाय. पुन्या-मुंबैचं खेळाडू यायचं. एक सर हुतं, लई येडा मानूस. त्यांनी ते सुरू केलं आन त्यांनीच बंद केलं."

"हो का? ऐकलंय मी थोडं."

"शेवटची मॅच मी पायली हाय. त्या इरफाननं खाणीवरून चेंडू टाकला. असला फटका परत हुनार न्हाई."

सर पुढं सरकून बसले. शर्टाचं वरचं बटण गळ्याशी रुतत होतं, ते त्यांनी सोडलं. मग माझ्याकडं झुकून, अगदी कानाशी म्हणाले, "मेधाताई, मी तो पाहिलाच नाही हो. त्यानं काठी उचलली आणि मी डोळे मिटून घेतले. तुमचं अगं बाई ऐकल्यावर उघडले. इतक्या दिवसांत कुणाला विचारायचीही लाज वाटली."

राहुरीचा स्टँड आला. मी उठले. खाली उतरून खिडकीशी गेले, हात केला, पण सरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी कंडक्टरच्या बाहीला धरलं होतं.

"अगदी सुरुवातीपासून सांगा," ते म्हणत होते. "वारा कुठून होता?"

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन सीटवर ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले, पाय फाकवून उभा राहिला. ड्रायव्हरनं मागं वळून घंटी दे म्हणून दोनदा हॉर्न वाजवला.